घरातल्या जुन्या कॅसेट आणि तबकड्या कॉम्प्युटरवर कशा उतरवायच्या, आणि सुरुवात कुठून करायची

सगळ्यात आधी टेपरेकॉर्डर शोधायला धावू नका. माळ्यावरच्या, शोकेसच्या खालच्या कप्प्यातल्या, कुणाच्या तरी ट्रंकेतल्या सगळ्या कॅसेट एका चादरीवर पसरा आणि दोन ढीग करा. एका ढिगात दुकानातून विकत आणलेल्या, छापील कव्हरच्या, म्हणजे भावगीतं, नाटकं, आरत्या वगैरे. दुसऱ्या ढिगात घरी भरलेल्या, ज्यांच्यावर बॉलपेननं काहीतरी लिहिलंय किंवा काहीच लिहिलेलं नाही. आपल्याला सुरुवात करायची ती या दुसऱ्या ढिगापासून. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, आधी आवडीची गाणी उतरवतात, आणि बाबांचा आवाज असलेली कॅसेट "बघू नंतर" म्हणून राहून जाते. विकत घेतलेल्या कॅसेटच्या हजारो प्रती निघालेल्या असतात, तुमची खराब झाली तरी ते गाणं कुठेतरी मिळेल, पण घरी भरलेली कॅसेट जगात एकच असते.

आमच्याकडे अशी एक होती. १९८६ च्या मे महिन्यात काकांनी नवीन घेतलेला टू-इन-वन गावी आणला आणि आजीला जात्यापाशी बसवून ओव्या भरून घेतल्या, एक अख्खी बाजू आणि दुसऱ्या बाजूचा अर्धा भाग. मधे कावळा आहे, कुणीतरी विहिरीवर कळशी आपटतंय, आजी मधेच थांबून "बंद कर ते, दळण राहिलं" म्हणते, सगळं आहे. तशीच दुसरी एक कॅसेट होती आजोबांच्या आवाजाची, ती मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानात सीडी करायला दिली. सीडी मिळाली, आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि मूळ कॅसेट हरवली म्हणाले. ती सीडीसुद्धा आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. म्हणून मी सांगेन की हे काम घरीच करा, आणि अशा जुन्या घरी लिहिलेल्या सीडी तुमच्याकडे असतील तर त्या आजच कॉपी करा, त्यातला डाय, म्हणजे ज्यावर माहिती लिहिलेली असते तो रंगाचा थर, उडत जातो आणि एक दिवस अचानक डिस्क रिकामी दिसायला लागते.

कॅसेटमध्ये नेमकं असतं काय

हे माहीत असलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते म्हणून थोडं सांगतो. प्लास्टिकची पातळ फीत आणि तिच्यावर चिकटवलेली लोखंडाच्या ऑक्साइडची पावडर, बारीक गंजच म्हणा ना, म्हणून तो तपकिरी रंग. आवाज चुंबकानं साठवता येतो हे डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेननं १८९८ मध्ये पोलादी तारेवर करून दाखवलं होतं, पण तार अवजड, गुंता झाला की संपलं. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या माणसानं कागदाच्या पट्टीवर ही पावडर चिकटवली. तो आधी सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टा चढवायचं काम करायचा, तिथूनच त्याला हे सुचलं. त्यावरून एईजी कंपनीनं १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे मशीन मांडलं. युद्ध संपल्यावर जॅक मलिन हा अमेरिकन सैनिक त्यातली दोन मशीन सुटी करून घरी घेऊन गेला आणि तिथून अमेरिकेत टेपचं युग सुरू झालं. आणि १९६३ मध्ये फिलिप्सनं बर्लिनमध्येच छोटी कॅसेट आणली, लू ऑटेन्सच्या टीमनं बनवलेली, खिशात मावेल अशी.

त्या लहान आकाराची किंमत काय मोजली ते बघा. फितीची रुंदी जेमतेम ३.८ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजू, स्टिरिओ असेल तर एकूण चार पट्टे. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली टेप याच्या आठपट वेगानं पळायची. म्हणजे एका सेकंदाचा सगळा आवाज, आजीचा श्वास, जात्याची घरघर, बांगड्या, हे सगळं तुमच्या अंगठ्याएवढ्या लांबीत आणि मिलिमीटरभर रुंदीत बसवलेलं असतं. त्यामुळे हेडवर, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या मशीनच्या भागावर, केसाएवढी घाण असली किंवा हेड किंचित तिरकं असलं तरी वरचा सगळा आवाज जातो. आणि ती पावडर ज्या गोंदानं चिकटवलीय तो गोंद म्हातारा होतो, आपल्या कोकणासारख्या दमट हवेत तर लवकरच.

कॅसेट तपासणे

आधी कॅसेटच्या वरच्या कडेला, जिथे फीत दिसत नाही त्या बाजूला, दोन कोपऱ्यांत दोन छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात त्या स्क्रूड्रायव्हरनं तोडून टाका. त्या तोडल्या की त्या कॅसेटवर रेकॉर्ड होतच नाही. हे टाळू नका, घाईत चुकून लाल बटण दाबलं गेलं तर गेलेला आवाज कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

मग खिडकीतून फीत बघा. गुंडाळीवर पांढरी किंवा राखाडी भुकटी, जाळं दिसतंय का? ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका, ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटना वाटली जाते. मास्क लावा, बाहेर अंगणात किंवा गॅलरीत जा, कॅसेट हातानं हळूहळू फिरवत फितीची पाठ (चकचकीत असते, हेडला टेकत नाही ती) आणि कडा मऊ कोरड्या कापडानं पुसा. त्याआधी काही दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवली तर बुरशी सुकते आणि सोपं जातं.

खाली मधोमध जिथे हेड टेकतं तिथे एक बारीक पितळी पट्टी आणि तिच्यावर नमद्याचा तुकडा असतो. तो पडलेला असतो बऱ्याच वेळा. तो नसेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो, लोकांना वाटतं कॅसेट गेली, पण गेलेली नसते. पाच स्क्रूवाली कॅसेट असेल तर ती सपाट टेबलावर उघडायची, दोन्ही गुंडाळ्या न हलवता उचलायच्या आणि कुठल्यातरी नको असलेल्या, पण स्क्रूवाल्याच, कॅसेटच्या कवचात बसवायच्या. फीत कुठून कशी फिरते त्याचा फोटो आधी काढून ठेवा. कवच चिकटवलेलं असेल, स्क्रू नसतील, तर पातळ ब्लेडनं सांध्यावरून उघडावं लागतं, त्यात हात बसायला एक-दोन टाकाऊ कॅसेटवर सराव करा.

फीत तुटली असेल तर घरातली सेलोटेप लावू नका, तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. स्प्लायसिंग टेप म्हणून वेगळी मिळते ती चमकदार पाठीकडून लावायची, आवाजाच्या बाजूनं नाही. चुरगळलेली फीत तुटलेली नसते, ती बोटानं हळू सरळ करून गुंडाळली तर आवाज थोडा डुलेल पण येईल. गुंडाळायला तीच आपली षटकोनी पेन्सिल, दातांमध्ये बरोबर बसते.

इंटरनेटवर कुठेतरी टेप ओव्हनमध्ये भाजा असं वाचाल. तो उपाय १९७०-८० च्या दशकातल्या काही ठरावीक कंपन्यांच्या मोठ्या रिळांसाठी आहे, ज्यांचा गोंद हवेतलं पाणी शोषून चिकट होतो, आणि तोसुद्धा अगदी कमी, मोजलेल्या तापमानाला, जाणकार माणसानं करायचा. घरच्या कॅसेटचं कवचच वाकेल त्यात. करू नका.

डेक आणि त्याची साफसफाई

ऑनलाइन जे यूएसबीवाले छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, चालता चालता ऐकायच्या वॉकमनसारखे दिसणारे, ते मी वापरून बघितले आणि माझं मत असं की नुसतं ऐकायला ठीक पण ज्या कॅसेटची एकच प्रत आहे तिच्यासाठी नको. वेग डगमगतो, लांब स्वर लावला की तो थरथरतो. त्यापेक्षा नातेवाइकांकडे विचारा, कुणाच्या तरी घरी जुन्या म्युझिक सिस्टिमचा वेगळा डेक असतोच, नाहीतर चांगला टू-इन-वन. सुरू केल्यावर चाकं फिरत नसतील तर बहुतेक वेळा फक्त रबरी बेल्ट विरघळलेला असतो, काळा चिकट डिंक झालेला. नवीन बेल्ट पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलं की मापाचा मिळतो, जुना बेल्ट (किंवा त्याचे अवशेष) नमुन्याला घेऊन जा.

मग सफाई. मेडिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जितकं कमी पाण्याचं तितकं चांगलं, आणि कानात घालायचे कापसाचे बोळे. हेड, आणि ती फिरणारी पोलादी काडी जी फीत ओढते, हे दोन्ही बोळा तपकिरी यायचा थांबेपर्यंत पुसा. शेजारचं रबरी चाक मात्र अल्कोहोलनं वारंवार पुसलं तर कडक होतं, त्याला साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा पुरे. प्रत्येक दोन-तीन कॅसेटनंतर हे परत करायचं, जुन्या फिती खूप पावडर सोडतात.

आणि पहिल्यांदा डेकमध्ये जी कॅसेट जाईल ती आजीची नसावी! कुठलीतरी टाकाऊ कॅसेट पूर्ण वाजवून बघा, गिळत नाही ना याची खात्री करा, मगच.

तिरकं हेड सरळ करणे

ही पायरी फार कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. हेडच्या शेजारी दोन स्क्रू असतात, त्यातल्या एकाखाली बारीक स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगवाल्या स्क्रूनं हेडचा तिरकेपणा बदलतो. काकांच्या टू-इन-वनचं हेड १९८६ मध्ये ज्या कोनात होतं त्याच कोनात तुमच्या डेकचं हेड असेल असं अजिबात नाही, आणि कोन जुळला नाही की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. कॅसेट वाजत ठेवा, हेडफोन लावा, आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरनं तो स्क्रू अगदी थोडा, पाव वेढ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. एका जागी अचानक "स", "श", बांगड्यांचा आवाज, टेपची स्वतःची सरसर असं सगळं उघडतं. तीच जागा. आमच्या कॅसेटमध्ये मी हे केल्यावर पहिल्यांदा ओवीतले शब्द कळले, त्याआधी नुसती चाल कळत होती. आधी स्क्रूवर मार्करनं खूण करून ठेवा म्हणजे काम झाल्यावर मूळ जागी आणता येतो, आणि कुणा दुसऱ्याचा डेक असेल तर त्याला विचारून करा. दुसऱ्या बाजूला कोन परत थोडा वेगळा निघू शकतो, दोन्ही बाजूंना तपासा.

डॉल्बीचं बटण असेल तर काय करायचं असं विचारतात लोक. रे डॉल्बीनं घरगुती टेपसाठीची बी पद्धत १९६८ मध्ये आणली, त्यात रेकॉर्ड करताना बारीक वरचे आवाज वाढवून ठेवायचे आणि वाजवताना तेवढेच कमी करायचे, म्हणजे सरसरही कमी होते. अर्थात रेकॉर्ड करताना डॉल्बी चालू असेल तरच वाजवताना लावायचं. साध्या टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटला बंदच ठेवा.

कॉम्प्युटरला जोडणे

डेकच्या मागे लाइन आउट असेल तर तिथून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून वायर काढा. लॅपटॉपला एकच भोक असतं आणि ते बहुधा माइकचं, मोनो, त्यात घातलं तर आवाज फाटतो. म्हणून यूएसबीला लावायचं लाइन इनवालं बाहेरचं साउंड कार्ड किंवा ऑडिओ इंटरफेस घ्या, ज्यांच्या घरी कुणी गाणं-वाजवणं करतं त्यांच्याकडे असतंच, उसनं मिळतं. लॅपटॉप चार्जरवर असताना घूं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं सेट करा, कॅसेट मोनो असली तरी स्टिरिओच घ्या, कारण कधीकधी डाव्या पट्ट्यावर फीत चुरगळलेली असते आणि उजवा चांगला असतो, नंतर चांगला तो ठेवता येतो. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल, शून्याला टेकता कामा नये. थोडा कमी चालेल, २४ बिटमध्ये नंतर वाढवता येतो, पण एकदा फाटला की फाटला. साधारण एक तासाची स्टिरिओ फाईल १ जीबीच्या आसपास होते, जागा मोकळी ठेवा. एका बाजूची एकच सलग फाईल, गाण्यागणिक थांबवू नका, मधलं बोलणं खोकणं सगळं येऊ द्या. आणि पूर्ण वेळ शेजारी बसा, कॅसेट लावून भाजी आणायला जाऊ नका.

वेग चुकलेला असेल तर

काकांच्या टू-इन-वनमधल्या बॅटऱ्या दुसऱ्या बाजूला येईपर्यंत उतरायला लागल्या असणार, कारण तिथे आजीचा आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि शेवटी लहान मुलगी गातेय असं वाटतं. कारण सोपं आहे, रेकॉर्ड होताना फीत हळू फिरली म्हणजे एका सेकंदाचा आवाज कमी लांबीत बसला, आता नीट वेगानं वाजवली की तो लवकर संपतो आणि पट्टी चढते.

माणसाचा आवाज ओळखू येईल अशा जगातल्या सगळ्यात जुन्या ध्वनिमुद्रणाचंही नेमकं हेच झालं होतं, मला हे वाचल्यावर अंगावर काटा आला. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, पण त्याच्या २० वर्षं आधी, १८५७ मध्ये, पॅरिसमध्ये एदुआर-लेऑन स्कॉट द मार्तिनव्हिल यानं काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेघा काढायचं यंत्र बनवलं होतं. वाजवायची सोय नव्हती, तो विचारच नव्हता, आवाज डोळ्यांनी बघायचा होता. २००८ मध्ये संशोधकांनी त्याची १८६० ची एक रेघ कॉम्प्युटरवर वाचून आवाजात बदलली आणि ऐकू आलं ते कुणा बाई किंवा मुलीचं फ्रेंच बालगीत. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला होता. तो पुरुषाचा आवाज होता, बहुधा स्कॉटचा स्वतःचाच, सावकाश गायलेला. आणि हे कशावरून ठरवता आलं, तर त्यानं गाण्याच्या रेघेशेजारी कंपनकाट्याची रेघही काढून ठेवली होती, तिच्या कंपनांचं गणित आधी चुकीचं धरलं गेलं होतं.

आपल्यालाही असा कंपनकाटा शोधायचा. भजनाच्या, बारशाच्या, हळदीकुंकवाच्या कॅसेटमध्ये पेटी असेल तर उत्तम, पेटीचा सूर बदलत नाही, ती काळी चारमध्ये आहे की पांढरी पाचमध्ये हे घरातलं कुणी वाजवणारं सांगेल आणि त्याप्रमाणे वेग बसवायचा. विजेवर चालणाऱ्या मशीनवर भरलेली असेल तर मागे बारीक घुरघुर असते, आपल्या विजेची, ५० हर्ट्झच्या आसपासची आणि तिच्या दुप्पट १०० ची. ऑडॅसिटीत शांत तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम केलं आणि तो उंचवटा ५० ऐवजी ५२ ला दिसला तर कॅसेट ४ टक्के जलद वाजतेय, तेवढा वेग कमी करायचा. यातलं काहीच नसेल, आमच्यासारखं, तर पहिल्या बाजूला ताज्या बॅटरीवर म्हटलेली तीच चाल घेऊन तिच्याशी पट्टी जुळवा. बॅटरी उतरत जाते म्हणून चूकही वाढत जाते, मी दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी दुरुस्ती दिली, तीन संध्याकाळी गेल्या. एक लक्षात ठेवा, इफेक्ट वापरायचा तो स्पीडचा, टेम्पोचा किंवा नुसत्या पिचचा नाही, कारण दोन्ही एकत्रच बिघडलंय आणि एकत्रच सुधारायला हवं.

लाखेच्या तबकड्या असतील तर

इथे नियम वेगळे आणि काही तर अगदी उलटे. कॅसेटच्या हेडला जे अल्कोहोल लावलं ते ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीजवळ आणूसुद्धा नका. ती लाखेची आहे, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, लाकडाला पॉलिश करणारे हेच तर करतात. साध्या गार पाण्यात अगदी थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं गोल फिरवत, मधल्या कागदाला पाणी लागू न देता, मग स्वच्छ पाणी आणि उभी ठेवून वाळवणे. तडा गेलेली असेल तर पाणीही नको.

सपाट तबकडी हे एमिल बर्लिनरचं काम, १८८७ चं पेटंट. एडिसनच्या नळकांड्यावर सुई वर-खाली हलायची, बर्लिनरच्या तबकडीत डावी-उजवीकडे. याचा आज आपल्याला थेट फायदा असा की स्टिरिओ पिकअपनं (सुई बसवलेला भाग) तबकडी वाजवून डावा आणि उजवा चॅनेल एकत्र मिसळून मोनो केला की सुईची वर-खाली हालचाल, म्हणजे बरीचशी धूळ आणि खरखर, एकमेकांना खोडून जाते आणि डावी-उजवी हालचाल, म्हणजे गाणं, राहतं. दोन क्लिकचं काम आहे.

सुई मात्र बरोबर हवी. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ३ मिलची, म्हणजे इंचाच्या ३ हजारांश भागाच्या टोकाची सुई लागते. १९४८ मध्ये एलपी आली ती बारीक खाचेची, तिची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक, ती ७८ वर लावली तर खाचेच्या तळाशी घाण चाटत फिरते, आवाजही वाईट आणि सुईही जाते. बऱ्याच पिकअपना ७८ ची सुई वेगळी मिळते. आणि कर्ण्याच्या ग्रामोफोनवर वाजवून समोर मोबाइल धरू नका, चोरबाजारातून हौसेनं आणलेल्या चकचकीत पितळी कर्ण्याच्या मशीनवर तर अजिबात नाही. त्यातल्या सुई धरणाऱ्या जड डबीचा सगळा भार पोलादी सुईवर असतो, लाखेत मुद्दाम घातलेली खरबरीत पूड ती सुई झिजवते म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती, आणि झिजलेल्या सुईनं खाचच तासली जाते.

टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५ वर रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत वेग १.७३३ पट करा, चेंज स्पीडमध्ये तयार पर्यायच आहे. जाड-बारीकपणाचं संतुलन थोडं हलतं, ते कानानं नीट करावं लागतं, तसंही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेची एकसारखी पद्धत १९५४ ला आली, त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं होतं. जुन्या तबकड्यांवर ७८ हा आकडासुद्धा पक्का नसतो, विशेषतः १९२५ च्या आधीच्या. तेव्हा माइक नव्हता, गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा, आणि सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही वेग असायचा. नाट्यपदाची तबकडी असेल आणि गायकाचा आवाज अनोळखी पातळ वाटला तर आधी वेगावर संशय घ्या, मागच्या ऑर्गनचा सूर पकडून बसवा. त्या कर्ण्याच्या काळात साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वर गाण्यातलं फारसं काही पोचतच नव्हतं, त्यामुळे वरची खरखर फिल्टरनं कापली तरी नुकसान कमी.

साफ किती करायचं

कमीत कमी. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, शांत तुकडा दाखवायचा आणि तेवढी सरसर कमी होते. पहिल्यांदा सगळे ते १२, २० डेसिबलपर्यंत नेतात, मीही नेलं, आणि ऐकताना छान शांत वाटतं. चार दिवसांनी परत ऐकलं तर आजी पाण्याखालून गातेय असं वाटलं आणि जात्याची घरघर निम्मी गेलेली, कारण सॉफ्टवेअरला जातं आणि टेपची सरसर यातला फरक कळत नाही. मी आता ५-६ च्या वर जात नाही. तबकडीवरचे टक-टक आवाज क्लिक रिमूव्हलनं जातात, पण तबल्याचा किंवा टाळाचा ठोकाही त्यात बोथट होतो, कान ठेवून करा. आणि हे सगळं नेहमी कॉपीवर. जशी उतरली तशी मूळ वेव्ह फाईल वेगळी ठेवा, तिला कधीच हात लावू नका, उद्या याहून चांगलं साधन येईल तेव्हा तीच लागणार. घरच्यांना पाठवायला एमपीथ्री करा, पण एमपीथ्री हीच एकमेव प्रत ठेवू नका. मूळ फाईल दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. जागा कमी असेल तर फ्लॅक, आवाज तोच राहतो आणि आकार जवळपास निम्मा होतो.

कुठे टाकायच्या असतील तर एवढं बघा, भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे तबकडी जुनी असली तरी गाणं मोकळं झालं असेलच असं नाही. ओव्या असतील तर त्या एकट्या आपल्याच घरच्या नसतात, पुण्यातून गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरच्या बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत आणि त्यातल्या खूपशा आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता येतात. तुमच्या कॅसेटमधली ओवी तिथे दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणीतरी थोडी वेगळी म्हटलेली सापडू शकते, नक्की शोधा.

नाव घालणे

१९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला आला, त्यातल्या गौहर जान या गायिकेच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत मोठ्यानं म्हणते, "माय नेम इज गौहर जान". तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कामगारांना कुठली कुणाची हे कळावं म्हणून. सव्वाशे वर्षं झाली तरी त्या तबकडीवर कोण गातंय याबद्दल कुणाला शंका नाही. आपल्या घरच्या कॅसेटमध्ये असं कुणी म्हणत नाही.

त्यामुळे फाईलच्या नावात वर्ष, महिना, गाव, कोण, कुठली बाजू हे लिहा, "नवीन रेकॉर्डिंग २" असं ठेवू नका. कव्हरचा, कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बाजूला बसवून ऐकवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून, कारण ते ऐकताना जे बोलतात तेही हवंच असतं. आमची आत्या ८१ वर्षांची आहे. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की कॅसेटवर आजी एकटीच आहे, आत्यानं चौथ्या मिनिटाला हात वर केला, थांबव म्हणाली, परत लाव. ओवीची दुसरी ओळ आजी म्हणतच नव्हती, जात्याचा खुंटा पलीकडून धरून शेजारच्या घरातली वहिनी म्हणत होती, दोघींचे आवाज इतके सारखे. आता फाईलच्या नावात दोघींची नावं आहेत, आणि एक प्रत त्या वहिनींच्या मुलाला चिपळूणला पाठवलीय.